सार्वजनिक जलतरण तलाव : धामच्या डोहापासून बालेवाडीपर्यंत

पोहण्यासाठी मुद्दाम बांधलेला, शुद्ध केलेल्या पाण्याचा आणि सर्वांना खुला असलेला तलाव महाराष्ट्रात फार जुना नाही. पोहण्याची कला मात्र पुरातन आहे. ती नदीच्या डोहात, विहिरीत आणि देवळापुढच्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. या पाण्यापासून ऑलिंपिक मापाच्या तलावापर्यंतच्या वाटचालीत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले. पाण्यात उतरण्याचा हक्क कोणाला, हा पहिला. अनेकांनी वापरलेले पाणी निर्मळ कसे ठेवायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समाजसुधारकांनी, सत्याग्रहींनी आणि न्यायालयांनी दिले, तर दुसऱ्याचे अभियंत्यांनी. सार्वजनिक तलावाचा इतिहास या दोन्ही उत्तरांनी मिळून घडला आहे, आणि वर्धा जिल्ह्याच्या उदाहरणातून तो चांगला समजतो.

नदी, विहीर आणि डोह

वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते. पलीकडे अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे आहेत. जिल्ह्याच्या पोटातून धाम, बोर, वणा आणि यशोदा या नद्या जातात. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या या नद्या उन्हाळ्यात आटतात आणि पाणी तेवढे डोहांत उरते. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे धानाच्या शेतीसाठी बांधलेले शेकडो मालगुजारी तलाव आहेत. वर्धा हा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख असल्याने तलावांची ती परंपरा इथे त्या प्रमाणात रुजली नाही. गावाची भिस्त विहिरीवर आणि नदीवरच राहिली, आणि पोहणेही तिथेच शिकले गेले.

शिकवण्याची रीत साधी होती. मुलाच्या कमरेला वाळलेला भोपळा बांधायचा, दोराचे एक टोक काठावरच्या जाणत्याच्या हातात ठेवायचे आणि मुलाला पाण्यात सोडायचे. पुढे भोपळ्याच्या जागी तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा आला, नंतर चाकाची ट्यूब आली. हातपाय मारता येऊ लागले की भोपळा सुटायचा आणि काठावरून सूर मारणे, मुटका मारणे, बुडी मारून तळाची माती आणणे असे धडे सुरू व्हायचे. या शाळेला शुल्क नव्हते, पण ती सुरक्षितही नव्हती. नदीचा तळ दरवर्षी बदलतो. वाळू उपसल्याने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. विहिरीत दम लागला तर धरायला कठडा नसतो. मुलींना या पाण्यात उतरण्याची मुभा फार क्वचित मिळे. बांधीव तलावाची गरज पटण्यामागे ही सगळी कारणे आहेत.

सार्वजनिक पाण्याचा प्रश्न

नदी आणि विहीर गावाची म्हटली जात असली, तरी ती सगळ्या गावाला खुली नव्हती. जातीने पाणवठे वाटून टाकले होते. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, दवाखाने आणि शाळा यांत भेदभाव करू नये, असे हुकूम काढले. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना वापरू द्यावीत, असे त्यात म्हटले होते.

त्या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि सनातनी मंडळींनी तळे खासगी असल्याचा दावा न्यायालयात लावला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो दावा फेटाळला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले आहे आणि इतरांना त्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही, हा निकालाचा गाभा होता.

वर्ध्यातही याच काळात हालचाल सुरू होती. जमनालाल बजाज यांनी १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडले आणि आपल्या मालकीच्या विहिरीही त्यांना खुल्या केल्या. महात्मा गांधींनी ७ नोव्हेंबर १९३३ रोजी आपली हरिजन यात्रा वर्धा जिल्ह्यातूनच सुरू केली. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला गेले. तेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या लढ्याला कायद्याचे बळ दिले. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या अथवा जनतेसाठी राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाही, असे अनुच्छेद १५ सांगतो. आजच्या प्रत्येक पालिकेच्या जलतरण तलावाचा दरवाजा या कलमावर उभा आहे.

पहिले बांधीव तलाव

पोहण्यासाठी बांधलेले पहिले तलाव मुंबईसारख्या बंदराच्या शहरात आले आणि त्यांवर त्या काळातल्या भेदांची छाप होती. ब्रीच कँडीचा समुद्रकाठचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. तो युरोपियनांसाठी होता आणि स्वातंत्र्यानंतरही काही काळ तिथे भारतीयांना मज्जाव होता. त्याचा एक मोठा हौद अखंड भारताच्या नकाशाच्या आकाराचा आहे. त्या नकाशात पोहण्याची परवानगी मात्र त्याच देशाच्या लोकांना नव्हती. गिरगाव चौपाटीजवळचा प्राणसुखलाल मफतलाल तलाव हिंदूंच्या नावाने उभा राहिला. दोन्ही ठिकाणी बांधकाम आधुनिक होते, प्रवेश मात्र जन्मावरून ठरत होता.

पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने खेळांना संस्थेची शिस्त दिली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठवण्याची कल्पना याच जिमखान्याच्या मैदानावरच्या स्पर्धांतून पुढे आली आणि दोराबजी टाटांनी तिला आधार दिला. जिमखान्याच्या परिसरातील टिळक तलावावर पुणेकरांच्या अनेक पिढ्या पोहायला शिकल्या. वर्ध्याच्या शेजारी अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. विदर्भात शारीरिक शिक्षणाची जी जाण तयार झाली, तिच्यात या मंडळाचा मोठा वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर महापालिका आणि सुधार प्रन्यासासारख्या संस्थांनी हे काम अंगावर घेतले. दादरला शिवाजी पार्कचा महात्मा गांधी स्मारक तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, ठाण्याचा मारोतराव शिंदे तलाव, नाशिकचा वीर सावरकर तलाव आणि नागपूरला अंबाझरीजवळचा सुधार प्रन्यासाचा तलाव ही त्यांतली परिचित नावे. मासिक पास, वेळेनुसार बॅच, महिलांसाठी राखीव तास आणि काठावर जीवरक्षक ही पद्धत या तलावांनी रूढ केली. मुलींना पोहण्याची वाट खऱ्या अर्थाने इथेच मोकळी झाली.

उघड्या पाण्यातून पन्नास मीटरच्या तलावात

स्पर्धेच्या तलावाला ठराविक माप मिळायला जगभरातही वेळ लागला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू समुद्रात पोहले, १९०० साली पॅरिसला सेन नदीत. १९०८ मध्ये लंडनच्या स्टेडियममध्येच, धावपट्टीच्या आत, १०० मीटर लांबीचा हौद बांधण्यात आला. त्याच वर्षी जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१२ मध्ये स्टॉकहोमला शर्यती पुन्हा बंदराच्या पाण्यात झाल्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी बांधलेल्या तुरेल तलावात ५० मीटर लांबी आणि दोरांनी आखलेल्या मार्गिका आल्या. तेव्हापासून एका देशातली वेळ दुसऱ्या देशातल्या वेळेशी ताडून पाहता येऊ लागली.

भारतात १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी दिल्लीत तालकटोरा जलतरण संकुल बांधले गेले. मोठी स्पर्धा मिळवायची आणि तिच्या निमित्ताने कायमचे संकुल उभे करायचे, हा मार्ग त्यानंतर राज्यांनीही धरला.

बालेवाडी

महाराष्ट्राला हा योग १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेने आला. पुणे आणि मुंबई ही तिची केंद्रे होती. त्यासाठी पुण्याच्या पश्चिमेला बालेवाडी-म्हाळुंगे येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभारण्यात आले. वानखेडे स्टेडियमचे वास्तुविशारद शशी प्रभू यांनीच या संकुलाचा आराखडा केला. मुख्य स्टेडियम, बॅडमिंटन आणि कुस्तीची दालने यांच्याबरोबर ५० मीटरचा स्पर्धा तलाव आणि उड्यांसाठी वेगळा खोल तलाव अशी जलतरणाची पूर्ण सोय एका आवारात झाली. त्याआधी राज्यातल्या जलतरणपटूला पालिकेच्या किंवा क्लबच्या तलावातल्या गर्दीतून वेळ काढून सराव करावा लागे.

ऑक्टोबर २००८ मध्ये याच संकुलात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांतल्या नऊ खेळांत जलतरण होते आणि त्यानिमित्ताने संकुलाचे नूतनीकरण झाले. कोल्हापूरचा वीरधवल खाडे त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला होता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत जलतरणात भारताला मिळालेले हे पहिले पदक. चोवीस वर्षांची ही प्रतीक्षा प्रमाणित तलावांच्या टंचाईबद्दल पुरेसे सांगून जाते.

राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुले उभारण्याचे ठरवले. नागपूर विभागाचे संकुल मानकापूरला आहे आणि वर्धा जिल्हा त्याच विभागात येतो. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर हे जिल्ह्याचे आठ तालुके. वर्ध्यासारख्या ठिकाणी मोठा तलाव बांधताना आणि चालवताना जे प्रश्न समोर येतात, ते पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे आहेत. त्यातला पहिला पायाखालच्या मातीचा.

जागा, माती आणि हौद

जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टी खडकावर आहे आणि त्यावर काळ्या मातीचा थर आहे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला जी माती मानवते, तीच काँक्रीटच्या हौदाला घातक ठरते. फुगणारी माती भिंतीला बाहेरून रेटते, तळाला असमान उचलते आणि सांधे उघडे पाडते. म्हणून काळ्या मातीचा थर काढून हौद शक्यतो कठीण मुरुमावर किंवा खडकावर टेकवतात आणि भिंतींच्या मागे न फुगणारा मुरूम थराथराने धुम्मस करून भरतात.

दुसरा धोका भूजलाचा. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर आली आणि त्याच वेळी तलाव दुरुस्तीसाठी रिकामा असला, तर खालचे पाणी अख्खा हौद वर उचलू शकते. तळाखाली निचऱ्याची व्यवस्था आणि दाब मोकळा करणारी झडप लागते ती यासाठी. रिकामा करण्याचे काम पावसाळ्यात काढत नाहीत.

हौद बांधून झाला की फरशी बसवण्याआधी पाणी टिकते का, याची परीक्षा होते. तलाव भरून काही दिवस ठेवतात. काँक्रीटने सुरुवातीला पाणी शोषून घेतले की रोज ठरलेल्या वेळी पातळी मोजतात. उन्हानेही पाणी उडते, त्यामुळे पाण्याने भरलेली एक बादली तलावाच्या पायरीवर, पाण्यातच पण काठ वर राहील अशी ठेवतात. बादलीतली पातळी जेवढी उतरेल तेवढे बाष्पीभवन. तलावाची पातळी त्याहून जास्त उतरली, तर गळती आहे असे समजायचे आणि सांधे पुन्हा तपासायचे.

मापांतली काटेकोरी स्पर्धेच्या तलावात सर्वांत जास्त दिसते. दोन्ही टोकांच्या भिंतींवर वेळ नोंदवणाऱ्या, सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या बसतात. त्या बसल्यावरही अंतर ५० मीटरपेक्षा कमी भरता कामा नये, म्हणून तलाव मुळातच दोन सेंटिमीटर लांब धरतात. नियमांत लांबी किंचित जास्त चालते, पण एक मिलिमीटरही कमी चालत नाही. गवंड्याच्या हातून फरशीखालचा गिलावा थोडा जाड झाला, तर तलाव स्पर्धेसाठी बाद होतो. मार्गिका अडीच मीटर रुंद असतात. दहा मार्गिकांच्या तलावाची रुंदी २५ मीटर धरतात. तळावरून उलटणाऱ्या लाटांचा त्रास होऊ नये म्हणून तीन मीटर खोली चांगली मानली जाते. दहा मीटर उंचीवरून उडी मारायची असेल, तर खालचा तलाव सुमारे पाच मीटर खोल लागतो. शिकणाऱ्यांसाठी उथळ तलाव वेगळा ठेवणे सर्वांत शहाणपणाचे, कारण बहुसंख्य लोक तिथूनच सुरुवात करतात.

उघडा तलाव शक्यतो दक्षिणोत्तर आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन पोहणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंशांत हवे असते. त्यामुळे छप्पर किंवा सावली ही इथली गरजच आहे.

पाणी शुद्ध ठेवण्याची यंत्रणा

तलावाचे खरे हृदय पंपघरात असते. पोहणाऱ्यांच्या हालचालीने काठावरून सांडणारे पाणी पन्हळीतून संतुलन टाकीत जाते. तिथून पंप ते केसजाळीतून आणि वाळूच्या गाळणीतून पुढे ढकलतो, त्यात जंतुनाशक मिसळले जाते आणि पाणी तळातल्या किंवा भिंतीतल्या तोट्यांमधून परत तलावात येते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात २५ लाख लीटर पाणी मावते. ते सर्व सहा तासांत एकदा गाळायचे, तर तासाला चार लाखांहून जास्त लीटर पाणी फिरवावे लागते. गाळणी तुंबली की उलट्या प्रवाहाने धुवावी लागते आणि ते पाणी वाया जाते. ते झाडांना देण्याची सोय आराखड्यातच केलेली बरी.

जंतुनाशक म्हणून क्लोरीनच सर्वाधिक वापरतात. पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे साधारण एक ते तीन मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवतात. सामू वाढला की क्लोरीन असूनही त्याचा जोर घटतो, घसरला की डोळे चुरचुरतात आणि लोखंड गंजते. घाम, लघवी आणि अंगावरचे तेल यांच्याशी संयोग होऊन क्लोरीनची जी संयुगे तयार होतात, त्यांचाच तो उग्र वास. म्हणून उग्र वास येणारा तलाव स्वच्छ असतो, ही समजूत चुकीची आहे. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करण्याचा नियम यासाठी कडक पाळावा लागतो. विदर्भातल्या प्रखर उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो, त्यामुळे पाण्याची तपासणी दिवसातून अनेकदा करावी लागते.

पाण्याचा ताळेबंद

वर्धा शहराला पाणी धाम नदीवरून, येळाकेळी आणि पवनार येथून मिळते आणि त्याचा आधार महाकालीच्या धाम प्रकल्पात आहे. शहरात माणशी रोज १३५ लीटर पाणी धरले, तर एका मोठ्या तलावाच्या २५ लाख लीटरमध्ये साडेअठरा हजार माणसांची एका दिवसाची गरज भागते. टंचाईच्या वर्षी हा प्रश्न उभा राहतोच आणि त्याचे उत्तर नियोजनात आधीच असावे लागते. गाळून वापरले तर तेच पाणी दीर्घकाळ चालते. रोजची भर मुख्यतः बाष्पीभवनाची असते. पातळी दिवसाला एक सेंटिमीटर उतरली, तर १,२५० चौरस मीटरच्या तलावात १२,५०० लीटर पाणी घालावे लागते. रात्री पृष्ठभागावर आच्छादन टाकले आणि बाजूने वारा अडवणारी झाडे किंवा भिंत असली, तर हा आकडा बराच खाली येतो. छपरावरचे पावसाचे पाणी साठवले, तर भर घालण्यासाठी नळाच्या पाण्याची ओढ कमी होते.

बांधकामाचा खर्च एकदाच होतो. वीज, रसायने, गाळणीतली वाळू, तंत्रज्ञ आणि जीवरक्षकांचे पगार हा खर्च तलाव असेपर्यंत चालतो. अनेक सार्वजनिक तलाव उद्घाटनानंतर काही वर्षांत कोरडे पडतात ते बहुधा या दुसऱ्या खर्चाची तरतूद न झाल्याने. शाळांच्या बॅच, प्रौढांसाठी पहाटेचे तास, महिलांसाठी राखीव वेळ आणि परवडणारे शुल्क यांनी तलाव वर्षभर भरलेला राहतो, आणि भरलेला तलावच निधीची मागणी ठामपणे करू शकतो. स्पर्धा वर्षातून एखादी होते, शिकणारी मुले रोज येतात. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी तलावाची आखणी शिकाऊ तलाव, कपडे बदलण्याच्या खोल्या, अपंगांसाठी उतार आणि प्रशिक्षित जीवरक्षक यांपासून सुरू करणे, आणि प्रेक्षागृहाचा विचार नंतर करणे हाच योग्य क्रम आहे. नदीकाठच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला जाणत्या नजरेखाली पोहायला शिकता येणे, हे सार्वजनिक तलावाचे पहिले काम.